शरीरातील दाह आणि हृदयविकार : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहणारा सौम्य दाह हृदयविकाराला हातभार लावतो, असे गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. बहुतेकांनी काय खावे आणि कोणती तपासणी करावी एवढेच विचारले होते. परंतु झोप, कर्ज, एकटेपणा आणि घरातील आजारपण यांचे ओझरते उल्लेख जवळजवळ प्रत्येक पत्रात होते, आणि उत्तरे लिहिताना मला त्याच उल्लेखांकडे पुन्हा पुन्हा वळावे लागले.

प्रश्न : मी अहमदपूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षक असून वय ४६ वर्षे आहे. माळकरी असल्यामुळे मांसाहार नाही, व्यसनही नाही. तपासण्यांच्या एका पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी ३.८ आले आणि त्यापुढे ‘जास्त धोका’ असे छापून आले. एकूण कोलेस्टेरॉल १८० आहे. वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. शाळेसाठी रोज दुचाकीवर ८० किलोमीटर जाणे-येणे होते आणि रात्री ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामामुळे झोप जेमतेम पाच तास मिळते. मला औषध सुरू करावे लागेल काय?

उत्तर : गुरुजी, एका अहवालावरून हे ठरवता येत नाही. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे आणि एचएस-सीआरपी ही ते अगदी बारकाईने मोजणारी तपासणी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. शरीरात कोठेही दाह असला की इंटरल्युकिन-६ या रेणूमार्फत यकृताला सूचना मिळते आणि सीआरपीचे प्रमाण वाढते. मग त्या दाहाचे कारण पिकलेली जखम असो, सुजलेल्या हिरड्या असोत, की नुकताच येऊन गेलेला ताप असो. म्हणून ही तपासणी प्रकृती पूर्ण बरी असताना किमान दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावी आणि दोन्ही आकड्यांची सरासरी पाहावी. दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ च्या वर असल्यास जास्त समजला जातो. आकडा १० च्या वर गेला, तर हृदयाचा विचार करण्याआधी संसर्ग शोधावा.

ज्या दाहाविषयी आपण बोलत आहोत तो पित्ताच्या जळजळीसारखा जाणवत नाही, तो रक्तवाहिनीच्या भिंतीत असतो. एलडीएल या वाईट कोलेस्टेरॉलचे कण त्या भिंतीत शिरून अडकतात, त्यांना गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी तेथे जमा होतात, आणि वर्षे लोटतात तसा चरबी व मृत पेशींचा एक थर तयार होतो. त्यावरचे आवरण दाहामुळे पातळ होऊन फाटले, की तेथे रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. रसेल रॉस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये या विकाराला स्पष्टपणे दाहाचा विकार म्हटले. २०१७ मध्ये त्याला प्रयोगाचा आधार मिळाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे केवळ दाह कमी करणारे इंजेक्शन वापरून पाहिले गेले. त्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये काहीही फरक पडला नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढील झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र प्राणघातक संसर्ग किंचित वाढले आणि औषध अतिशय महाग असल्याने ते हृदयरोगासाठी रुळले नाही.

तुमच्या पत्रात मला सीआरपीपेक्षा दोन गोष्टी अधिक गंभीर वाटतात. पहिली वडिलांच्या वयाची. पुरुष नातेवाइकाला ५५ वर्षांच्या आत झटका आलेला असणे हा स्वतंत्र धोका मानला जातो. त्यात आपण दक्षिण आशियाई लोक. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात इतर देशांतील लोकांना पहिला झटका सरासरी सुमारे ५९व्या वर्षी आला, तर दक्षिण आशियातील लोकांना ५३व्या वर्षी. ‘एकूण कोलेस्टेरॉल १८०’ या आकड्याने येथे फसगत होते, कारण आपल्याकडे एकूण आकडा बरा दिसत असतानाच ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी वाढलेली आणि चांगले एचडीएल कमी असलेले पुष्कळ लोक आढळतात. म्हणून लिपिड प्रोफाइल पूर्ण करून घ्या, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी व रक्तदाब पाहा, कमरेचा घेर मोजा (पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत हवा), आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए हा रक्तातील चरबीचा आनुवंशिक घटक तपासून घ्या. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू करावे की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी ही सर्व माहिती एकत्र पाहून ठरवावे. दोन्ही वेळा सीआरपी २ च्या वर राहिले, तर ते औषधाच्या बाजूने जाणारे एक कारण असेल, एकमेव नव्हे.

दुसरी गोष्ट झोपेची. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या मूलभूत निकषांत झोपेचा समावेश केला आणि प्रौढांसाठी सात ते नऊ तास सुचवले. अपुरी झोप अनेक महिने चालू राहिली की रक्तदाब, साखर आणि दाह तिन्ही वाढण्याकडे कल होतो. रात्री मोठ्याने घोरणे किंवा श्वास अडकून जाग येणे होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तुमची झोप आळसाने वा मोबाइलच्या नादाने गेलेली नाही, ती शाळेच्या वेळेबाहेर भराव्या लागणाऱ्या माहितीने खाल्ली आहे. सहकाऱ्यांसह हा विषय केंद्रप्रमुखांकडे आणि शिक्षक संघटनेत आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडा, असे मी मनापासून सुचवतो. पथ्य सांभाळणाऱ्या माणसालाच ‘तुम्ही तब्येतीकडे लक्ष द्या’ असे सांगून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही.

प्रश्न : आम्ही वसमत तालुक्यात हळद पिकवतो. हळद दाह घालवते, असे सगळीकडे वाचतो. रोज हळदीचे दूध घेतल्यास हृदयविकार टळेल काय? कर्क्युमिनच्या गोळ्या घ्याव्यात काय?

उत्तर : तुमच्या भागातील हळदीचा लौकिक खरा आहे आणि भाजी-आमटीत ती जरूर असावी, परंतु हळदीने हृदयविकाराचा झटका टळतो, असे कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेले नाही. हळदीत कर्क्युमिन थोडेच, साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्यातलेही आतड्यातून रक्तात फारच कमी पोहोचते. काही छोट्या, अल्पकाळाच्या अभ्यासांत सीआरपी थोडे उतरलेले दिसले, एवढाच पुरावा आहे. शोषण वाढवलेल्या गोळ्यांमुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून त्या स्वतःहून घेऊ नयेत.

त्यापेक्षा संपूर्ण ताटाकडे पाहा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०१८ मध्ये दुरुस्तीसह पुन्हा छापलेल्या स्पेनमधील चाचणीत भाज्या, कडधान्ये, फळे यांच्या जोडीला ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदामासारखा सुकामेवा असलेल्या आहाराने झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, करडईची किंवा अंबाडीची भाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी हे आपले जेवण त्या धाटणीच्या पुष्कळ जवळ जाते. भाकरीच्या जागी आलेली खारी, टोस्ट, फरसाण, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी आणि दिवसातून सहा वेळा होणारा साखरेचा चहा यांनी ते बिघडवले आहे. ठेचा, लोणचे, पापड यांतले मीठही मोजा. दिवसाला एका माणसाने पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रश्न : माझे वय ३९ वर्षे असून मी जिंतूर तालुक्यातील एका गावात राहते. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. त्यांचे सर्व मीच करते. मालक चाकणला कंपनीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. अलीकडे छातीत धडधडते आणि जीव घाबरा होतो. दवाखान्यात ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाले, घरचे म्हणतात ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’. काळजीने खरोखर हृदयाला काही होते काय?

उत्तर : होय ताई, होते, आणि ते रक्तात मोजता येते. हे उत्तर घरातील सर्वांना वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची घरी शुश्रूषा करणारी वयस्क माणसे आणि ती जबाबदारी नसलेली त्याच वयाची माणसे यांच्या रक्तातील इंटरल्युकिन-६ सहा वर्षे तपासले गेले. शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये ते सुमारे चौपट वेगाने वाढत होते, आणि जोडीदाराच्या मृत्यूनंतरही काही वर्षे ही वाढ थांबली नाही. वयानुसार हा रेणू सर्वांच्याच रक्तात थोडा वाढतो. सततच्या शुश्रूषेने वयाबरोबर होणारी ही वाढ लवकर होते, असे या निष्कर्षातून दिसते. तुम्ही त्या माणसांपेक्षा तरुण आहात, त्यामुळे तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण वाट तीच आहे.

ती वाट अशी. धोका जाणवला की मेंदू मज्जातंतूंमार्फत हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवतो आणि कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडले जाते. एरवी कॉर्टिसोल दाह आवरतो. पण ताण महिनोन्महिने चालला, तर रोगप्रतिकारक पेशी कॉर्टिसोलला दाद देईनाशा होतात आणि दाहाला आवर घालणारे कोणी उरत नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २९३ जणांच्या स्कॅनवर आधारलेला अभ्यास आला. मेंदूतील भीती व ताण यांच्याशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग ज्यांच्यात अधिक सक्रिय होता, त्यांच्या अस्थिमज्जेतील (जेथे पांढऱ्या पेशी तयार होतात) हालचाल वाढलेली होती, रक्तवाहिन्यांत दाह अधिक होता आणि पुढील काही वर्षांत हृदयविकार व पक्षाघातही त्यांच्यातच अधिक झाले. मनाचे खेळ म्हणून तुमचे म्हणणे बाजूला सारणाऱ्यांना हे माहीत असायला हवे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या घराला ती नेमकी लागू पडते. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. अधिकाऱ्यांच्या ताणामुळे त्यांना हृदयविकार जास्त होत असेल, अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांपेक्षा कितीतरी अधिक निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही हा फरक पूर्णपणे उलगडला नाही. १९८५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात, ज्यांचा स्वतःच्या कामावर काहीच ताबा नाही त्यांना धोका अधिक असल्याचे दिसले. कधी उठायचे, कधी जेवायचे, कधी टेकायचे यांतले काहीही ज्या बाईच्या हातात नाही, तिची गणना मी याच गटात करतो.

आता काय करायचे ते. धडधडीची कारणे इतरही असतात, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच तपासणी, साखर, रक्तदाब आणि ईसीजी हे आठवड्याभरात करून घ्या. आपल्याकडील स्त्रियांत पंडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, इतका आढळतो की तो सर्वांत आधी पाहावा. चालताना धाप लागणे, जबडा, पाठ किंवा डाव्या हातात दुखणे, घाम सुटून मळमळणे असे काही झाले तर दवाखान्यात जायला उशीर करू नका. बायकांमध्ये झटक्याची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात आणि ती पित्तावर ढकलली जातात. चक्कर येऊन शुद्ध हरपली, तरी लगेच दवाखाना गाठा.

औषधाइतकीच महत्त्वाची सूचना घरच्यांसाठी आहे. आठवड्यातून निदान दोन रात्री या बाईला अखंड झोप मिळालीच पाहिजे. नणंद, जाऊ, पुतणी यांपैकी कोणीतरी पाळी घ्यावी. मालकांनी सुट्टीवर आल्यावर पाहुण्यासारखे राहू नये, ते दिवस आईची कूस बदलणे, अंग पुसणे, भरवणे त्यांनी करावे. त्या दिवसांत ताईंना दोन दिवस माहेरी जाऊन येऊ द्यावे. सासूबाईंना घरच्या घरी करायचे व्यायाम आणि अंथरुणातील जखमा टाळण्याची पद्धत शिकवण्यासाठी आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. रुग्णाच्या हालचाली थोड्या जरी सुधारल्या, तरी रात्रीचे उठणे कमी होते. जीव फार घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, त्यासाठी पैसे लागत नाहीत. सासूबाईंची सेवा तुम्ही प्रेमाने करीत आहात हे पत्रातून कळते, आणि ती तुमच्या एकटीवर पडली आहे हेही.

प्रश्न : माझे आई-वडील ऊसतोड करतात. आम्ही धारूर तालुक्यातले. आई ४७ वर्षांची आहे, तिची गर्भपिशवी ३१व्या वर्षी काढली. अंग दुखते म्हणून सीझनमध्ये ती रोज एक-दोन गोळ्या खाते, मिश्रीही लावते. यंदा चालताना दम लागतो म्हणते. गावात सांगतात की, कष्ट करणाऱ्याला हार्टचा आजार होत नाही. हे खरे आहे का?

उत्तर : हे खरे नाही. सकाळी मोकळ्या हवेत चालायला जाणाऱ्याचा व्यायाम आणि पहाटे अंधारात फडात शिरून दिवसभर मोळ्या वाहणाऱ्याचे कष्ट हृदयाला सारखे लागत नाहीत. रिकाम्या वेळेतील व्यायामाने हृदयविकार कमी होतो, पण विश्रांतीशिवायच्या अवजड मजुरीत तसा लाभ दिसत नाही, उलट काही मोठ्या अभ्यासांत धोका वाढलेला आढळला. मजुरीत रक्तदाब तासन् तास चढलेला राहतो आणि शरीराला सावरायला अवधी मिळत नाही. आजारी पडले तरी खाडा परवडत नाही, कारण उचल फिटलेली नसते. कर्जाचा हा ताण आधीच्या उत्तरात सांगितलेल्या वाटेनेच शरीरात उतरतो.

तुमच्या आईंच्या बाबतीत तीन गोष्टी तातडीने पाहायला हव्यात. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली होती काय, हे शस्त्रक्रियेच्या कागदांवरून शोधा. अंडाशयांतील संप्रेरकांचे रक्तवाहिन्यांना मिळणारे संरक्षण इतक्या लहान वयात संपले असेल, तर हृदयविकाराचा धोका वाढतो आणि हाडेही ठिसूळ होतात. केवळ गर्भाशय काढले असले, तरी काही स्त्रियांत अंडाशयांचे काम वेळेआधी थांबते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये या शस्त्रक्रिया इतक्या मोठ्या प्रमाणावर झाल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या स्त्रिया आता चाळिशी-पन्नाशीत येत आहेत. त्यांच्या हृदयाची नियमित तपासणी ही आरोग्य यंत्रणेची जबाबदारी आहे, असे मला ठामपणे वाटते.

दुसरे, वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सूज उतरवतात म्हणून त्या हृदयातील दाहही कमी करीत असतील, असा समज करून घेऊ नका. त्या रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल कितपत चालेल ते ठरवा. तिसरे, मिश्री. ती भाजलेल्या तंबाखूचीच असते आणि तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते. ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून थोडा अधिक आढळला होता. मिश्रीने हिरड्यांना होणारी इजा हे दाहाचे आणखी एक घर. त्यातच कोपीपुढच्या (फडावरच्या झोपडीपुढच्या) चुलीचा धूर.

दम लागणे हे लक्षण आहे, त्यामुळे पुढच्या सीझनची वाट पाहू नका. ईसीजी, २-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन ही तपासणी अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात करून घ्या. तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब व मधुमेहाची तपासणी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात विनाशुल्क होते. औषध सुरू झाले, तर कारखान्यावर जाताना महिन्याभराच्या गोळ्या आणि कागदांचे फोटो मोबाइलमध्ये बरोबर द्या. छातीत दुखले तर मुकादमाच्या परवानगीसाठी न थांबता १०८ ला फोन करायचा, हे वडिलांना नीट समजावून सांगा. अँजिओप्लास्टीची गरज पडल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते. त्यासाठी शिधापत्रिका व आधार जवळ असू द्या.

प्रश्न : मी नांदेडला राहणारा निवृत्त बँक कर्मचारी, वय ६८. दोन वर्षांपूर्वी झटका येऊन स्टेंट बसवला. दाह कमी करणारी कोल्चिसिनची गोळी आता हृदयासाठी वापरतात असे वाचले. मी ती घ्यावी काय? पत्नी गेल्या वर्षी वारली. मुले हैदराबाद व पुण्याला आहेत. जेवणाचा डबा येतो. दिवसभर कोणाशी बोलणे होत नाही.

उत्तर : कोल्चिसिन ही गाउट या सांधेदुखीची जुनी गोळी आहे. २०१९ व २०२० मधील दोन मोठ्या चाचण्यांत अर्धा मिलिग्रॅमच्या मात्रेने हृदयरुग्णांना फायदा झाला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत तिला या उपयोगासाठी मान्यता मिळाली. मात्र २०२४ मधील आणखी एका मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिनचा लाभ दिसला नाही. मूत्रपिंडाचे काम मंद असेल, तर ती त्रासदायक ठरते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर घेतल्यास धोकादायक. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. तोवर ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका. एलडीएल किती खाली आले आहे, हे आधी पाहा.

तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्याला मी गोळीइतकेच महत्त्व देतो. २०१६ मध्ये २३ अभ्यासांचा एकत्रित विचार करून काढलेल्या निष्कर्षानुसार एकटेपणा किंवा तुटलेले सामाजिक संबंध असलेल्या लोकांत हृदयविकाराचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ३२ टक्क्यांनी अधिक असतो. एकट्या माणसाचे चालणे कमी होते, औषध विसरते, जेवण अर्धवट राहते, आणि दुःखाचा स्वतःचा दाह असतो तो वेगळाच. पत्नीला जाऊन एकच वर्ष झाले आहे. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असे नाही. डब्यातले एक जेवण रोज शेजारी किंवा जुन्या सहकाऱ्याबरोबर घ्या. संध्याकाळी हरिपाठाला किंवा गोदावरीच्या घाटावर फिरायला ठरावीक मंडळींबरोबर जा. मुलांनी रोज फोन करावा, आणि तो केवळ ‘गोळ्या घेतल्या का’ एवढ्यापुरता नसावा.

इन्फ्लुएन्झाची लसही दरवर्षी घ्या. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट वाढलेला २०१८ मधील कॅनडाच्या अभ्यासात दिसला, कारण त्या संसर्गाने उसळलेला दाह जुन्या थरांना अस्थिर करतो. आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यात आणि दुसरी थंडीत येते, म्हणून लस मे महिन्याच्या अखेरीपर्यंत घेतलेली बरी. ती घेण्याआधी अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा पूर्वी लसीचा काही त्रास झाला असल्यास डॉक्टरांना सांगावे. ॲस्पिरिन त्यासाठी बंद करण्याची गरज नाही, फक्त सुई टोचलेली जागा दोन-तीन मिनिटे दाबून धरावी.